अश्रू आणि स्तंभ

तैपूसमच्या दिवशी सिंगापुरात सेरंगून रस्त्यावरील श्री श्रीनिवास पेरुमाळ मंदिरापासून टँक रस्त्यावरील श्री तेंडायुथपाणि मंदिरापर्यंत भाविकांची रीघ लागते. कोणी कावडी खांद्यावर घेऊन बेभान नाचतो, तर कोणी दुधाचा कलश मस्तकी धरून अबोलपणे वाट चालतो. यांत भक्ती कोणाची अधिक, हे कोणी ठरवावे?

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात ८ सात्त्विक भाव सांगितले आहेत. त्यांत अश्रू आहेत, कंप आहे, रोमांचही आहे. परंतु गणनेत पहिला येतो तो स्तंभ, म्हणजे भावनेच्या भराने निश्चल होणे. निःशब्दता हीही भावनेचीच भाषा होय.

हाच विवेक आपल्या पूर्वजांविषयी बाळगावयास हवा. मलायातील करारबद्ध मजुरीची पद्धत १९१० साली बंद झाली. त्या पद्धतीखाली समुद्र ओलांडून आलेल्यांपैकी कित्येकांनी आपले दुःख पोटच्या मुलांपाशीही बोलून दाखविले नाही. तेवढ्यावरून त्यांस कठोर म्हणू नये. ज्याचे डोळे सहज भरून येतात तो हळवा खरा. पण ज्याचे येत नाहीत त्याचे मन कोरडे असते, असे नव्हे. आपल्या घरातील अबोल वडीलधाऱ्यांजवळ घटकाभर बसावे आणि उत्तराची घाई करू नये.