श्रद्धा आणि नैराश्य : लेखांक ५ – चौघांची श्रद्धा

गेल्या लेखांकात संत ऑगस्टीनपासून मध्ययुगीन धर्मपरिषदांपर्यंत आत्मघाताविषयीचा ख्रिस्तसभेचा निवाडा उत्तरोत्तर कसा कठोर होत गेला, ते आपण पाहिले. इंग्लंडात त्या निवाड्यावर राजसत्तेनेही आपली मोहोर उठवली होती. शुद्धीवर असताना जीव दिला असे पंचांनी ठरवले, की मृताची जंगम मिळकत सरकारजमा होई आणि त्याचे प्रेत स्मशानभूमीत न नेता चव्हाट्यावर पुरले जाई. हा दुसरा रिवाज कायद्याने बंद व्हायला १८२३ साल उजाडावे लागले. जगणे ही ईश्वराने सोपवलेली ठेव आहे, ती आपल्या मर्जीने परत टाकण्याचा अधिकार माणसाला नाही, हे ख्रिस्ती मत मला मान्य आहे. परंतु ज्याला ती ठेव पेलवेनाशी झाली आहे त्याच्याशी कसे वागावे, याचे उत्तर त्या दंडविधानात शोधून सापडत नाही. ते शोधण्यासाठी आज त्याच काळातील एका कवीच्या चरित्राकडे वळू.

विल्यम कूपर १७३१ साली एका पाळकाच्या घरी जन्मला आणि सहाव्या वर्षी आईला पारखा झाला. पुढे तो वकिलीचे शिक्षण घेऊन लंडनमध्ये राहिला. १७६३ मध्ये उमरावांच्या सभागृहाच्या दफ्तरात कारकुनाची एक चांगली जागा त्याच्यासाठी योजण्यात आली. पण त्या नेमणुकीला हरकत निघाली व उमेदवाराने सभागृहापुढे जातीने हजर राहून परीक्षा द्यावी असे ठरले. मूळच्या भिडस्त, हळव्या कूपरचे मन त्या केवळ कल्पनेने इतके ढासळले, की त्याने स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला. तो वाचला. नातलगांनी त्याला सेंट ऑल्बन्स येथे डॉक्टर नॅथॅनिएल कॉटन यांच्या मनोरुग्णालयात ठेवले. हे वैद्य स्वतः कवी व भाविक होते. तेथेच १७६४ मध्ये रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय वाचताना आपल्यालाही क्षमा आहे, असा प्रत्यय कूपरला आला. औषध आणि पवित्र शास्त्र ही दोन्ही त्याला एकाच छपराखाली लाभली, ही गोष्ट आमच्या काही उपदेशकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

उपासनेत साक्ष म्हणून सांगितली जाणारी कथा बहुधा येथेच संपवतात. परंतु कूपरचे आयुष्य येथे संपले नाही. अन्विन नावाच्या कुटुंबात तो घरच्यासारखा राहू लागला आणि १७६७ मध्ये विधवा झालेल्या मेरी अन्विनबरोबर ऑल्नी या गावी आला. तेथील धर्मगुरू जॉन न्यूटन हे पूर्वायुष्यात गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजाचे कप्तान होते. त्यांच्या स्नेहातून दोघांच्या गीतांचा जो संग्रह १७७९ साली निघाला, त्यातील कूपरची काही गीते जगभरच्या चर्चमध्ये आजही गाइली जातात. मात्र संग्रह निघण्याच्या सहा वर्षे आधी, १७७३ मध्ये, तोच आजार उलटला होता. देवाने आपला कायमचा त्याग केला आहे असे त्याला एका स्वप्नातून वाटले. पुन्हा आत्मघाताचा प्रयत्न झाला. आणि त्यानंतर उपासनेसाठी म्हणून त्याने चर्चची पायरी चढली नाही. सर्व पाप्यांना तारण आहे, मला एकट्याला नाही, हा त्याचा सिद्धांत न्यूटनच्या कोणत्याही युक्तिवादाने हलला नाही.

तरीही तो आणखी सत्तावीस वर्षे जगला. न्यूटनने त्याला वर्षभराहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून घेतले आणि मेरी अन्विनने त्याची रात्रंदिवस शुश्रूषा केली. कुणी सशाचे पिल्लू आणून दिले म्हणून तो ससे पाळू लागला, मग सुतारकाम, मग बागकाम. लेडी ऑस्टिन या स्नेहिणीने सांगितलेल्या हकिकतीवरून त्याने विनोदी पोवाडा रचला आणि तिच्याच आग्रहावरून ‘द टास्क’ हे दीर्घकाव्य लिहिले. होमरचा अनुवाद केला, गुलामगिरीविरुद्ध कविता लिहिल्या. मेरी पक्षाघाताने अंथरुणाला खिळली, तेव्हा तिची सेवा करण्याची पाळी त्याच्यावर आली व ती त्याने पार पाडली. १८०० साली तो निजधामास गेला, तोही अंथरुणावर, नातलगांच्या सोबतीत. नैराश्य शेवटपर्यंत हटले नव्हते.

मग त्याची श्रद्धा हरली म्हणायची काय? मार्काच्या शुभवर्तमानात एका पक्षाघाती माणसाला चौघे जण छप्पर उघडून येशूपुढे खाली सोडतात, आणि येशू त्या आणणाऱ्यांचा विश्वास पाहून त्या माणसाला क्षमेचे वचन देतो. रुग्णाच्या स्वतःच्या विश्वासाची चौकशी तेथे होत नाही. कूपरला जी आशा धरवत नव्हती, ती त्याच्या वतीने न्यूटनने आणि मेरीने धरून ठेवली. मंडळी या संस्थेचे मुख्य प्रयोजन माझ्या मते हेच आहे. ‘तुमचा विश्वास कमी पडतो’ असे खचलेल्या माणसाला सांगणारा पाळक त्याच्या खाटेचा एक कोपरा सोडून देतो. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयालाही देवदूताने प्रथम भाकर व पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. होरेब पर्वतावरचा देवाशी संवाद त्यानंतरचा.

ख्रिस्तसभाही उशिरा का होईना, याच वाटेवर आली. कॅथलिक धर्मविधीच्या १९८३ च्या संहितेत आत्मघात्याला अंत्यविधी नाकारण्याची तरतूद उरली नाही, आणि १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने तीव्र मनोविकारामुळे अशा व्यक्तीची जबाबदारी कमी होते, तिच्या तारणाविषयी हताश होऊ नये, असे स्पष्ट केले. १९५३ मध्ये चॅड व्हारा या अँग्लिकन धर्मगुरूने लंडनच्या आपल्या चर्चमध्ये दूरध्वनी ठेवून खचलेल्यांचे ऐकून घ्यायला सुरुवात केली, त्यात उपदेशाला जागा नव्हती. त्या कार्याचा वृत्तान्त पुढील लेखांकात येईल.

तोवर एक विनंती. हे वाचताना आपलेच मन असे झाले आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्याने आजच एखाद्या विश्वासातल्या माणसाला ते उघड बोलून दाखवावे, डॉक्टरांकडे जावे, आणि रात्रीबेरात्री जवळ कोणी नसेल तर शासनाच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा; तेथे मराठीतही बोलता येते.