जलप्रलय आणि दुतोंड्या मारुती

गोदेला पूर आला की आम्ही नाशिककर आधी विचारतो, ‘दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी?’ नदीपात्रातल्या या मूर्तीचा गुडघा, कंबर, छाती, पुराचं आमचं माप तेच. जलप्रलयाच्या कथाही जुन्या: शतपथ ब्राह्मणात मनू आणि माशाची गोष्ट आहे, बायबलात नोहाची. नदीकाठच्या माणसांनी पाहिलेले पूर त्यांत उतरले असतील, हे मला पटतं. पण अख्खी पृथ्वी बुडाली? जगातला सगळा बर्फ वितळला तरी समुद्र साधारण ७० मीटर चढेल. नाशिक साडेपाचशे मीटरहून उंच. खडकही पृथ्वी बुडाल्याचं सांगत नाहीत. सह्याद्रीच्या घाटांत काळ्या बेसाल्टच्या थरांमध्ये विटकरी लाल पट्टे दिसतात, ते जरूर बघा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचा एक थर थिजला, ऊनपावसात झिजून त्याच्या वरच्या भागाची माती झाली, मग तिच्यावर पुढचा लाव्हा आला. असं पुन्हा पुन्हा. एका महापुरात हे होत नाही.