राहते घर : खरेदी, मालकी व वारसा यांसंबंधी काही कायदेशीर प्रश्न

व्यापारी माणूस धान्याचे पोते नमुना काढून पाहिल्याशिवाय घेत नाही. ओल पाहतो, कचरा पाहतो, वजन करवितो आणि मगच भाव बोलतो. तोच माणूस पन्नास-साठ लक्ष रुपयांचे घर मात्र विकणाऱ्या घराण्याची प्रतिष्ठा पाहून, किंवा मध्यस्थ आपल्या ओळखीचा आहे एवढ्यावरच, घेण्यास तयार होतो, ही आश्चर्याची गोष्ट आहे. आपल्या संघाच्या सभासदांकडून घरासंबंधी जे प्रश्न वारंवार विचारले जातात त्यांवर चार शब्द लिहावेत, असे स्मरणिकेच्या संपादक मंडळाने सुचविले. प्रस्तुत लेखक वकील नाही. परंतु आडतीच्या धंद्यात कागद जपण्याची सवय लागते आणि जपलेले कागद वाचावेही लागतात. वकिलाकडे जाण्यापूर्वी काय विचारावे एवढे यावरून समजले तरी पुरे.

पहिला प्रश्न संचकाराचा. बाजारात लक्षावधींचा सौदा तोंडी होतो व पाळलाही जातो, म्हणून घराच्या सौद्यातही संचकारपत्र झाले की घर आपले झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किंमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री केवळ नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. संचकारपत्राने अगर साठेखताने मिळकतीत कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून द्या, एवढे मागण्याचा अधिकार मिळतो. तो अधिकारही कायम राहणारा नव्हे. ठरलेल्या तारखेपासून, आणि तारीख ठरली नसल्यास समोरच्याने नकार दिल्याचे कळल्यापासून, तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. पैसे देऊन कब्जा घेतला आणि खरेदीखत पुढे ढकलले, असे करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २००१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, कब्जासहित साठेखत नोंदणीकृत नसेल तर त्या कब्जाला पूर्वी मिळत असे ते कायद्याचे संरक्षण मिळत नाही. मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी वटमुखत्यारपत्रावर घरे घेण्याचा जो प्रघात पडला होता त्यालाही २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात पायबंद घातला. अशा कागदांनी मालकी जात नाही, असे त्या निकालात स्पष्ट म्हटले आहे.

आता खरेदीखत नोंदविले म्हणजे मालकी निर्वेध झाली काय? तसेही नाही. नोंदणी कचेरी दस्त नोंदविते. विकणारा खरा मालक आहे अशी हमी ती देत नाही. ज्याच्याजवळ जेवढा हक्क असेल तेवढाच तो देऊ शकतो. म्हणून मागील किमान तीस वर्षांचे दस्त तपासण्याची पद्धत आहे. ही तीस वर्षे कोणी सहज ठरविलेली नाहीत. गहाण सोडवून घेण्याचा दावा लावण्याची मुदत १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने तीस वर्षे ठेविली आहे, आणि तेवढे जुने गहाण आजही उभे राहू शकते.

बोजाचा दाखला अवश्य काढावा, परंतु त्याच्या मर्यादाही जाणाव्यात. त्यात नोंदलेले व्यवहारच दिसतात. मूळ दस्त बँकेत ठेवून घेतलेले कर्ज, न्यायालयात चाललेला दावा, घरातील बहिणीचा हिस्सा, यांपैकी काहीही त्यात दिसेलच असे नाही. विकणारा मूळ दस्त दाखवीत नसेल व केवळ छायाप्रती पुढे करीत असेल, तर तेथेच थांबावे. दावा चालू असताना घेतलेले घर त्या दाव्याच्या निकालास बांधलेले राहते, मग खरेदीदारास दाव्याची माहिती असो वा नसो.

बेळगावकडील सभासदांना यात एक वेगळीच अडचण असते. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हा मुलूख मुंबई राज्यात होता. त्यामुळे जुने दस्त मराठीत, त्याहून जुने काही मोडीत, आणि आजचे सरकारी उतारे कन्नडमध्ये, अशी एकाच घराच्या कागदांची स्थिती आढळते. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावरील क्षेत्रफळ व जुन्या दस्तातील चतुःसीमा यांचा मेळ घालून पाहणे हे कंटाळवाणे काम आहे खरे. पण मोडी जाणणारा माणूस आज ना उद्या मिळणे दुर्लभ होणार, तेव्हा ज्यांच्या घरी असे दस्त आहेत त्यांनी त्यांचे लिप्यंतर आताच करून ठेवावे. सिटी सर्व्हेचा उतारा काय, महापालिकेचा खाता काय, हे मुख्यत्वे कर व महसूल यांसाठी असतात. त्यांवर नाव चढल्याने मालकी येत नाही व उतरल्याने जात नाही, हे न्यायालयांनी अनेकवार सांगितले आहे. तरीही नाव वेळेवर चढवून घ्यावे, कारण कर्नाटकात आता ई-खात्यावाचून विक्रीचा दस्त नोंदविताना अडचण येते.

किंमतीविषयी थोडक्यात सांगतो. सरकारी मार्गदर्शक दरापेक्षा कमी रक्कम दस्तात लिहून काही साधत नाही. मुद्रांक शुल्क त्या दरावरच बसते, आणि फरक ठराविक मर्यादेबाहेर गेला तर तो खरेदीदाराचे उत्पन्न समजला जातो. कर्नाटकात ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी फी शेकडा एकवरून शेकडा दोन झाली आहे, तिचा हिशेब आधीच धरावा. घराच्या व्यवहारात वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेणाऱ्यावर तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. पन्नास लक्ष व त्यावरील खरेदीत शेकडा एक रक्कम कापून सरकारात भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते, विकणाऱ्याची नव्हे.

परंतु आपल्या समाजात घरांवरून जी भांडणे होतात ती परक्यांशी फार थोडी होतात. ती होतात भावाभावांत आणि भाऊ-बहिणींत. म्हणून त्या विषयास येथे अधिक जागा देत आहे.

जैनांचा वारसा कायदा निराळा आहे काय, असे पुष्कळजण विचारतात. एके काळी काही बाबतींत होता. १८७८ साली प्रिव्ही कौन्सिलने जैन रूढी मान्य करून, पुत्रहीन विधवेस पतीच्या अनुज्ञेवाचून दत्तक घेता येतो असा निर्णय दिला होता, आणि त्याचा आपल्या वाडवडिलांना सार्थ अभिमान वाटे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा मात्र जैनांनाही नाव घेऊन लागू केला आहे. आज घराच्या वारशाचा विचार त्याच कायद्याने करावयाचा.

या कायद्याप्रमाणे पुरुषाने मृत्युपत्र न करता देह ठेविला तर त्याचे स्वतःचे घर पत्नी, आई, मुलगे व मुली यांस समान हिश्शाने जाते. मुलीचे लग्न झाले, तिला दागिने दिले, लग्नात खर्च केला, या कारणांनी तिचा हिस्सा कमी होत नाही. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क कर्नाटक व महाराष्ट्र यांनी १९९४ साली दिला; पण त्यापूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या केंद्राच्या दुरुस्तीने हा भेद गेला. त्या दिवशी वडील हयात असले पाहिजेत की नाही, यावर पंधरा वर्षे वाद चालला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, वडील हयात असण्याची आवश्यकता नाही, असा निर्णय दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने अगर न्यायालयाच्या हुकुमाने झालेले वाटप मात्र उकलता येत नाही. ‘आमचे वाटप पूर्वीच तोंडी झाले होते’ ही सबब त्या निकालाने जवळजवळ बंद केली आहे. सरकारी कागदपत्रांचा भक्कम आधार असेल तरच ती अपवाद म्हणून ऐकली जाते.

येथे उलट बाजूची एक गैरसमजूतही दूर केली पाहिजे. आजोबांनी बांधलेले प्रत्येक घर वडिलोपार्जित असतेच असे नाही. १९५६ नंतर वारलेल्या पित्याचे स्वकष्टार्जित घर मुलास वारशाने मिळाले, तर ते त्याचे स्वतःचे होते. त्यात त्याच्या मुलांचा जन्मतः हक्क नसतो. १९८६ साली चंदर सेन प्रकरणात हे ठरले. तेव्हा नातवाने ‘आजोबांच्या घरात माझा हिस्सा’ असे म्हणण्यापूर्वी ते घर कोणत्या मार्गाने आले हे पाहावे.

बहिणींकडून हक्कसोडपत्र घेण्याची चाल आपल्याकडे रक्षाबंधनाइतकी नेहमीची झाली आहे. बहीण खुषीने देत असेल तर कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. पण ते पत्र नोंदणीकृत असले पाहिजे. साध्या कागदावरील सहीला किंमत नाही. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित घरावरील पुढे येणारा हक्क मुलीकडून सोडवून घेतला जातो, त्यावर तर विसंबूच नये. जो हक्क अद्याप उत्पन्नच झाला नाही त्याचे हस्तांतरण कायदा मानीत नाही. आणि सही घेताना तिला दस्त वाचून दाखवावा, तिच्या भाषेत समजावून सांगावा. पुढे फसवणुकीचा दावा आला, तर घराबरोबर घराण्याचे नावही न्यायालयात उभे राहते.

भावाभावांनी आपसात घर व दुकान वाटून घेतले असेल तर ते लेखी कसे ठेवावे? कौटुंबिक तडजोड तोंडी होऊ शकते, आणि झालेल्या तडजोडीची आठवण म्हणून केलेली यादी नोंदविण्याची सक्ती नाही, असे १९७६ साली काले प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. परंतु त्याच कागदाने वाटप होत असेल तर नोंदणी हवीच. ‘आज वाटून घेत आहोत’ आणि ‘पूर्वी वाटून घेतले आहे’ या दोन वाक्यांत एवढे अंतर आहे. थोड्या शुल्कासाठी असल्या शब्दांवर घर टांगून ठेवण्यापेक्षा वाटणीपत्र नोंदविलेले बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एका भावाने आपला अविभक्त हिस्सा परक्यास विकला तर? वारशाने एकत्र मिळालेल्या मिळकतीतील हिस्सा विकावयाचा झाल्यास तो आधी घेण्याचा हक्क इतर प्रथम वर्गाच्या वारसांना आहे. विक्री झालीच, तरी एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात येऊन राहण्याचा अधिकार त्या परक्या खरेदीदारास मिळत नाही. त्याने वाटपाचा दावा लावला, तर १८९३ च्या वाटप कायद्याप्रमाणे कुटुंबीयांना तो हिस्सा न्यायालय ठरवील त्या किंमतीस घेता येतो. अज्ञान मुलाच्या स्वतःच्या नावावरील घर विकताना पालकास न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील अज्ञानाच्या अविभक्त हिश्शाला हा नियम लागू नाही. तेथे कर्त्याने कुटुंबाच्या गरजेसाठी किंवा हितासाठी विक्री केली हे दाखवावे लागते.

पत्नीच्या अगर मुलांच्या नावाने घर घेणे बेनामी ठरते काय, ही भीती २०१६ च्या दुरुस्तीनंतर वाढली. आपल्या उघड व हिशेबी उत्पन्नातून पत्नी किंवा मुले यांच्या नावे घेतलेले घर बेनामी नव्हे. मुनीम, नोकर अगर मेहुणा यांच्या नावे घेतलेल्या घराला ही सवलत नाही. असे घर सरकारजमा होऊ शकते व एक ते सात वर्षे कैदही आहे.

वृद्ध सभासदांसाठी दोन शब्द. बक्षीसपत्र केले की घर त्याच दिवशी गेले. मृत्युपत्र मात्र मरेपर्यंत बदलता येते. त्यास दोन साक्षीदार लागतात, नोंदणी ऐच्छिक आहे व मुद्रांक लागत नाही. तरीही बक्षीसपत्र करावयाचेच असेल, तर मुलाने आपला सांभाळ करावा ही अट त्यात लिहावी. २००७ च्या कायद्याप्रमाणे, सांभाळ न झाल्यास असे बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. परंतु अट लिहिलेली नसेल तर ती सिद्ध करणे कठीण जाते.

दुकानाच्या कर्जासाठी राहते घर तारण देण्याची आपल्या धंद्यात सर्रास पद्धत आहे. २००२ च्या कायद्याप्रमाणे खाते थकल्यावर बँक साठ दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावता, घराचा ताबा घेऊ शकते. सहकारी बँकांनाही हा अधिकार असल्याचे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाण्यास पंचेचाळीस दिवस मिळतात. जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते, हे पत्नीची सही घेण्यापूर्वी तिला सांगावे. गोदाम किंवा माल तारण देऊन भागत असेल तर घराला हात लावू नये.

शेवटी गोव्याविषयी, कारण इकडील पुष्कळ सभासद तेथे घर घेऊ लागले आहेत. गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासूनचा समान नागरी कायदा चालतो. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पतिपत्नींची मिळकत दोघांची निम्मी-निम्मी समजली जाते; म्हणून विकणारा विवाहित असेल तर खरेदीखतावर पत्नीचीही सही पाहिजे. वारस असताना गोवेकरास आपल्या अर्ध्याच मिळकतीचे मृत्युपत्र करता येते, आणि त्याच्या गोव्याबाहेरील मिळकतीलाही हाच कायदा लागू होतो, असे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. तेव्हा एखाद्या गोवेकराचे बेळगावातील घर घेताना देखील त्याचे वारस न्यायालयीन मिळकत-यादीने अगर विशेष नोटरीपुढील दस्ताने ठरले आहेत की नाहीत, हे आधी विचारून घ्यावे, आणि संचकार त्यानंतर द्यावा.