तपासलेल्या रक्तातूनही एचआयव्ही कसा होतो? समजून घ्या ‘विंडो पीरियड’

मे २०२२. नागपुरात थॅलेसेमिया असलेल्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचं समोर आलं. त्यातल्या एकाचा मृत्यू झाला. या मुलांना नियमित रक्त दिलं जात होतं. संसर्ग त्यातूनच झाल्याचा संशय होता आणि राज्याच्या आरोग्य विभागाने चौकशी सुरू केली.

पण रक्ताची प्रत्येक पिशवी तपासली जाते. मग असं होतं कसं?

धोका यांनाच जास्त का?

थॅलेसेमिया मेजरमध्ये शरीर पुरेसं हिमोग्लोबिन बनवत नाही. त्यामुळे दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त घ्यावं लागतं. तीन आठवड्यांचा हिशोब धरला, तर वर्षाला साधारण १७ वेळा, म्हणजे दहा वर्षांत १७० वेळा. जवळपास दरवेळी रक्तदाता वेगळा. एका पिशवीतला धोका अगदी कमी असतो, पण या मुलांना तो पुन्हा पुन्हा पत्करावा लागतो. नाशिकच्या सुरगाणा, पेठ अशा आदिवासी भागांत आढळणाऱ्या सिकलसेलच्या काही रुग्णांचंही तेच.

चाचणीतून काय निसटतं?

भारतात दान केलेल्या रक्ताची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी बंधनकारक आहे. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीच्या नेहमीच्या चाचण्या मुख्यतः अँटिबॉडी शोधतात. त्या तयार व्हायला वेळ लागतो: एचआयव्हीत सुमारे तीन आठवडे, हिपॅटायटिस सीमध्ये त्याहून जास्त. या काळात रक्तात विषाणू असतो, पण रिपोर्ट निगेटिव्ह येतो. हाच विंडो पीरियड.

‘नॅट’ चाचणी थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधते. त्यामुळे एचआयव्हीचा हा काळ आठवडा-दीड आठवड्यावर येतो. शून्यावर मात्र येत नाही. ही चाचणी महाग आहे आणि देशभर बंधनकारक नाही.

मग काय करायचं?

भीतीपोटी रक्त घेणं थांबवू नका. त्याने मुलाच्या हृदयावर आणि वाढीवर परिणाम होतो. हिपॅटायटिस बीची लस घ्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने तपासण्या करा. हिपॅटायटिस सी बहुतेकदा तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. एचआयव्हीवर सरकारी एआरटी केंद्रात मोफत औषधं मिळतात.

आणि रक्तदात्यांनो, फॉर्मवरची माहिती खरी भरा. स्वतःची एचआयव्ही तपासणी करून घ्यायची म्हणून रक्तदान करू नका. त्यासाठी सरकारी रुग्णालयात मोफत आणि गोपनीय सोय आहे. चाचणीतून जे निसटतं, ते तुमचं खरं उत्तर थांबवू शकतं.