'को' की 'से'? मानेसरची वाक्यदुरुस्ती

हरियाणातलं मानेसर म्हटलं की मराठी माणसाला दोनच गोष्टी आठवतात : मारुती आणि ब्लॅक कॅट कमांडो. दोन्ही बरोबर. होंडाची स्कूटर इथे २००१पासून तयार होते, मारुतीचा इथला कारखाना २००७चा आणि एनएसजीचं मोठं केंद्रही इथेच. आमच्या घरात मात्र मानेसर म्हणजे भाचा. सांगलीचं पोर, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर. खोलीच्या जवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ पुढे जयपूर, अहमदाबाद, मुंबई करत पुण्यात, साताऱ्यात, कोल्हापुरात येतो, म्हणजे घरचा रस्ता दाराशीच आहे. फक्त दीड हजारांहून जास्त किलोमीटर लांब.

गेल्या दिवाळीनंतर त्याच्याकडे चार दिवस राहिले. 'बी' शिफ्ट करून रात्री बारा वाजता आलेला पोरगा चहा टाकायचा, मांडीवर जाडजूड पुस्तक घ्यायचा आणि इंग्रजी वाक्यांच्या चुका काढत बसायचा. सेंटेन्स करेक्शन! मी शेजारी बसून फुकट शिकले. त्यातलं हे थोडं.

'ए' वाचायचाच नाही

एमबीए प्रवेशाच्या जीमॅट परीक्षेत या प्रश्नाला पाच पर्याय असत आणि पहिला पर्याय कायम मूळ वाक्यातला अधोरेखित भाग जसाच्या तसा. म्हणजे 'ए' म्हणजे 'चूक नाहीच'. "मावशी, तो वाचलास तर वेळ गेला," भाच्याने ज्ञान दिलं. मग कळलं की त्याचाच बराच वेळ गेलाय. दिल्लीत दर्यागंजच्या जुन्या पुस्तकांत ते पुस्तक स्वस्तात मिळालं म्हणून त्याने उचललं, दोन महिने घोकलं, आणि नंतर पाहिलं तर नोव्हेंबर २०२३मध्ये आलेल्या नव्या जीमॅटमधून वाक्यदुरुस्ती पार काढून टाकलेली. १९५४पासून चालत आलेली ही परीक्षा, तिने नेमका याच्याच वेळी विषय बदलावा! पुस्तक वाया गेलं नाही एवढंच. खोलीतला दुसरा मुलगा रोहतकचा, सैन्यातल्या अधिकारीपदासाठीची सीडीएस परीक्षा देणार. तिथे वाक्यातली चूक हुडकायचे प्रश्न असतातच.

पंगतीत एक जण खुर्चीवर

या प्रश्नांचा पहिला लाडका विषय पॅरलॅलिझम. नाव भारदस्त, गोष्ट पंगतीची. सगळे मांडी घालून बसलेत तर सगळ्यांनीच बसायचं. 'शी लाइक्स सिंगिंग, डान्सिंग अँड टू कुक' यात तिसरा खुर्ची ओढून बसलाय. उठवा त्याला.

मला वाटतं, हे मराठी माणसाला शिकवायची गरजच नाही. आपल्या म्हणी बघा. 'ज्याचं जळतं, त्याला कळतं'. आता ही म्हण बिघडवू : 'ज्याचं जळतं, त्याला आकलन होतं'. अर्थ तोच, व्याकरण निर्दोष, पण म्हण मेली. 'आधी पोटोबा, मग विठोबा'च्या जागी 'आधी पोटोबा, त्यानंतर देवपूजा करावी' म्हणून बघा. आजी ताटावरून उठेल. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' यात तर 'तो' आणि 'ते' एवढ्या फरकात अख्खा शेजारधर्म मावलाय. जेव्हा-तेव्हा, जिथे-तिथे, जितकं-तितकं, जसं-तसं : 'ज' आला की कान आपसूक 'त'ची वाट बघतो. 'नॉट ओन्ली' आलं की 'बट ऑल्सो' शोधा, हे भाच्याने तीन रंगांच्या पेनांनी लिहून ठेवलं होतं. त्यात पहिल्याच्या पुढे क्रियापद असेल तर दुसऱ्याच्या पुढेही क्रियापदच. जोडीतला एक धोतरात आणि दुसरा सुटात, हे लग्नाच्या फोटोतही चालत नाही.

निवडा, मांडा, पुसा, ठरवा, पाळा

मानेसरला पॅरलॅलिझम भिंतीवर लटकतो. जपानी पद्धतीने चालणाऱ्या कोणत्याही कारखान्यात 'फाइव्ह एस'चा फलक असतोच. मूळ पाच जपानी शब्द : सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. (शेवटचा 'शि' घुसखोर वाटतो, पण जपानी अक्षरमालेत 'शि' हा 'स'च्या ओळीतच बसतो.) इंग्रजीत आणताना पाचही 'एस' टिकवले आणि पाचही आज्ञार्थी क्रियापदं : सॉर्ट, सेट इन ऑर्डर, शाइन, स्टँडर्डाइझ, सस्टेन. मी भाच्याला मराठीत करून दिलं : निवडा, मांडा, पुसा, ठरवा, पाळा. 'स'ने एकही सुरू होत नाही, पण पंगत सरळ. तो म्हणाला, "मावशी, ही तर तुझ्या स्वयंपाकघराची यादी झाली."

पन्नास लाख डॉलरची पंगत

हसू नका, असल्या पंगतीवरून कोर्टात भांडण झालंय. अमेरिकेतल्या मेन राज्यात कोणत्या कामाला जादा वेळेचा पगार मिळणार नाही, याची यादी कायद्यात होती : डबाबंद करणं, प्रक्रिया करणं, गोठवणं, सुकवणं, साठवणं... आणि शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. ओकहर्स्ट डेअरीचे ट्रकचालक म्हणाले, आम्ही माल पोचवतो, बांधत नाही. 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नाही, म्हणजे तिथे फक्त पॅकिंगबद्दलच लिहिलंय. शिवाय यादीतली बाकी सगळी कामं 'आयएनजी'वाली, 'डिस्ट्रिब्यूशन' तेवढं तसं नाही. मग ते त्या पंगतीतलं कसं? २०१७मध्ये अपिलाच्या कोर्टात चालकांच्या बाजूने कौल लागला आणि २०१८मध्ये पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली. बातम्यांत सगळं श्रेय स्वल्पविरामानं खाल्लं. बिचारं 'आयएनजी' मागेच राहिलं.

इडियम म्हणजे वाक्प्रचार नव्हे

दुसरा लाडका विषय इडियम, आणि इथे आपली विकेट पडते. मुलं 'किक द बकेट' पाठ करून जातात. जीमॅटला त्याच्याशी घेणंदेणं नसायचं. तिथे विचारायचे, कोणत्या शब्दाला कोणतं शेपूट. 'रिगार्ड'ला 'अ‍ॅज' हवं, 'कन्सिडर'ला जीमॅटच्या मते नको. 'प्रोहिबिट'ला 'फ्रॉम', 'फॉरबिड'ला 'टू'. 'बिट्वीन' आलं की 'अँड', 'फ्रॉम' आलं की 'टू'. कारण? कारण नाही. डोळा लागला तर माणूस झोपतो, डोळे लागले तर वाट बघतो आणि डोळे आले तर गॉगल घालून घरी बसतो, याला तरी काय कारण आहे?

आपली अडचण 'ला'ची आहे. 'आईला दहाला पुण्याला जायला गाडी आहे' : एकाच वाक्यात चार 'ला', आणि कुणीही अडखळत नाही. इंग्रजीत दहाला 'अ‍ॅट', पुण्याला 'टू', आईला 'फॉर'. एकाच गड्याकडून सगळी कामं करून घ्यायची आपल्याला सवय, तिकडे प्रत्येक कामाला वेगळा माणूस. वर कधी कधी माणूसच नको. एखाद्या विषयावर आपण चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस'पुढे 'अबाउट' लावतो. चूक. त्याच्याशी लग्न केलं, म्हणून 'मॅरी'पुढे 'विथ'. चूक. कॉफीपेक्षा चहा बरा, म्हणून 'प्रिफर'पुढे 'दॅन'. तेही चूक, तिथे 'टू'. आमच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इतके तास घालवले, तरी हे 'टू' अजून रुळलं नाही.

आणखी एक गंमत. देशभरच्या मुलांना ही शेपटं शिकवणाऱ्या 'रेन अँड मार्टिन'मधले रेन म्हणजे पी. सी. रेन, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीत हेडमास्तर होते. जगाला मात्र ते माहीत आहेत ते 'ब्यू जेस्ट' या १९२४च्या कादंबरीमुळे. विषय : वाळवंट, फ्रेंच फॉरेन लीजन, हाणामारी. प्रीपोझिशन शिकवून झाल्यावर माणसाला असलंच काहीतरी सुचत असणार.

टपरीवरची परीक्षा

मानेसरच्या मराठी पोरांची परीक्षा मात्र रोज तोंडी असते, आणि ती हिंदीत. मराठीत कुत्र्याला घाबरतात, हिंदीत कुत्ते 'से' डरतात, इंग्रजीत 'ऑफ'. मराठीत त्याला भेटायचं, त्याला विचारायचं. हिंदीत उस'से' मिलना, उस'से' पूछना. आमचा भाचा 'ला'चा सरळ 'को' करून मोकळा. निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं टपरीवर होतो. तो सांगत होता, "मैं कल सुपरवायझर को मिला, उसको पूछा..."

रोहतकवाल्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "भाई, 'को' नहीं, 'से'. सुपरवायझर से मिला, उससे पूछा. दो साल हो गए तुझे यहाँ." भाचा माझ्याकडे बघून ओशाळला. मित्राने घड्याळ बघितलं, बॅग खांद्याला लावली आणि म्हणाला, "चल, मैंने जाना है."

'मुझे'च्या जागी 'मैंने'. दिल्ली-हरियाणात सर्रास चालतं, हिंदीच्या पेपरात नाही. भाच्याने खिशातून पेन काढलं आणि हवेतच 'मैंने'खाली रेघ मारली.