तळहातावरचा दरबार

दशावतारी गंजिफाच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या, संचात १२० पानं असतात. त्यांतली शंभर हिशेबाची. मासा, कासव, परशू, बाण अशी त्या त्या अवताराची खूण एकपासून दहापर्यंत मोजून काढलेली. उरलेल्या वीस पानांवर दहा अवतारांचे दहा राजे आणि त्यांचे दहा प्रधान. सावंतवाडीच्या चिताऱ्याचा कस लागतो तो या विसांत. तळहातात मावणाऱ्या गोल पानावर मुकुट, पितांबर, शेला, दागिने सगळं बसवायचं, आणि तेही असं की हातातली पानं उलगडताच खेळणाऱ्याने राजा ओळखावा. भिंगातून बघणारा रसिक त्या काळी चिताऱ्याच्या डोळ्यांपुढे नव्हताच. पितांबर पिवळ्या रंगाच्या एका फटकाऱ्यात आटोपायचा आणि काठ एका रेघेत. निऱ्या पडल्यासारख्या दिसल्या म्हणजे झालं.

या पोशाखाखाली पूर्वी कापड असायचं. चिंचोक्याच्या खळीने थरावर थर चिकटवून, दगडाने घोटून पान कडक करायचे. नंतर कापडाची जागा कागदाने घेतली, पण खळ चिंचोक्याचीच राहिली. रंगकाम संपलं की वरून लाखेचा हात. कोकणातल्या दमट हवेत आणि खेळणाऱ्यांच्या घामट बोटांत कागद टिकवायचा तर दुसरा उपाय तरी काय होता? पाठ मात्र सगळ्या पानांची एकाच रंगाची, साधी. तिथे नक्षीची हौस केली असती तर दोन डाव होईपर्यंत खुणा पाठ झाल्या असत्या.

सावंतवाडीत या कामाचे दोन प्रकार मानतात, दरबारी कलम आणि बाजार कलम. दरबारी पानाला कडेने नक्षीदार किनार असते, बाजारी पानाला ती नसते. संग्राहक दरबारीवर जीव टाकतात. मला स्वतःला बाजार कलम जास्त आवडते. किनार गेल्याने आकृतीला श्वास घ्यायला जागा मिळते, आणि चार पैशांत संच विकायचा म्हणून झपाट्याने ओढलेल्या रेघेत एक बेफिकिरी येते, ती ठरवून आणता येत नाही.

गंजिफाचा भारतातला पहिला पक्का उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो. १५२७ साली त्याने सिंधमधल्या शाह हसनला हा खेळ पाठवला होता. अकबराच्या संचांचं वर्णन ‘आइन-इ-अकबरी’त आहे. मुघल संच ९६ पानांचा, आठ रंगांचा, आणि हे आठ रंग म्हणजे जवळजवळ दरबाराची खातीच: मुकुट, तलवार, नाणी, गुलाम वगैरे. त्यांतलं ‘किमाश’ हे कापडचोपड आणि मालाचं खातं. अकबराच्या संचात त्याचा राजा रेशमी कापड पाहत बसलेला दाखवलाय. दख्खनेत आणि कोकणात आल्यावर या दरबाराच्या जागी विष्णूचे अवतार आले. सिंधुदुर्गात तर हे अवतार शेजारपाजारचेच. जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावताराचा खेळ उभा राहतो, तेव्हा काळ्या झग्यातला संकासुर आला की शेवटच्या रांगेतल्या पोरालाही नाव सांगावं लागत नाही. पोशाखावरून पात्र ओळखायची ही सवय जिथे रक्तात आहे, तिथे गंजिफाचं पान वाचायला वेगळं शिक्षण कशाला हवं?

कागदावर पोशाख चढवायचा नाद जगात इतरत्रही आहे. ब्रुसेल्सच्या इझाबेल द बोर्शग्राव्ह या चित्रकर्तीने १९९४ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला भेट दिल्यावर कागदाचे ऐतिहासिक पोशाख करायला घेतले. वेशभूषाकार रिटा ब्राउन यांच्यासोबत तिने सुमारे तीन शतकांची युरोपीय फॅशन कागदात उभी केली. झालर, लेस, जरीकाम, सगळं रंगवलेल्या आणि चुरगळलेल्या कागदाचं, आणि मापाने माणसाएवढं. २०२४ मध्ये ती वारली. थक्क व्हावं असंच ते काम आहे. पण ते पोशाख कुणी घालायचे नव्हते, फक्त पाहायचे होते. सावंतवाडीचा कागदी पोशाख इवलासा, आणि त्याला कामाला जुंपलेलं होतं.

ते काम सुटलं तिथे कला अडचणीत आली. छापील, स्वस्त, बावन्न पानांचे पत्ते घरोघर पोचले आणि १२० पानांचा हाताने रंगवलेला संच कुणाला परवडेना. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी लक्ष घातलं तेव्हा पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिरापाशी ही विद्या उरली होती. राजा-राणी स्वतः त्यांच्याकडून शिकले, इतरांना शिकवलं, आणि सत्तरच्या दशकात राजवाड्यातच ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ सुरू झालं. राजघराण्याने चिताऱ्यासमोर शिष्य म्हणून बसावं, हे आपल्याकडे वारंवार घडत नाही. शिवरामराजे १९९५ साली गेले, सत्त्वशीलादेवी २०१८ साली. दरबार हॉलमध्ये आजही कारागीर मांडी घालून पानं रंगवताना दिसतात.

कला वाचली, खेळ मात्र नाही. पर्यटक दोन-चार सुटी पानं घेतात, चौकटीत बसवतात आणि दिवाणखान्यात टांगतात. काही जण चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकत्याही नेतात. यात कारागिराचं पोट भरतं, म्हणून नाक मुरडायचा अधिकार मला नाही. तरी एकटा मत्स्यराजा भिंतीवर पोरका वाटतो. त्याचा पोशाख इतर नऊ राजांपेक्षा वेगळा दिसावा म्हणूनच तर रंगवला होता! ओडिशात अजून काही म्हातारे गंजिफा खेळतात. आपल्याकडे खेळणारे शोधावे लागतात.

नियम काही अवघड नाहीत. खेळाडू तीन, प्रत्येकाला चाळीस पानं. हुकूम नावाची भानगडच नाही. प्रत्येक रंगात राजा सर्वांत वर, मग प्रधान. मत्स्यापासून वामनापर्यंतच्या पाच रंगांत त्यांच्या खाली दहापासून उतरत यायचं. परशुरामापासून कल्कीपर्यंत उलटं, तिथे एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत हलकी. ही उलटापालट एकदा डोक्यात बसली की निम्मा खेळ आला. तेव्हा सावंतवाडीला गेलात तर सुटं पान घेऊ नका. ऐपत असेल तर सरकत्या झाकणाच्या रंगीत पेटीतला पुरा संच घ्या आणि घरी दोन भिडू गाठा. दिवसा बसलात तर रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने सुरुवात करायची, रात्री बसलात तर कृष्णाचा.