पाण्यापलीकडचा रुग्ण

बेट म्हटले की समुद्र डोळ्यांपुढे येतो आणि आमचे हिंगणघाट तर समुद्रापासून शेकडो कोस दूर. तरी पावसाळ्यात वणा फुगली, नाल्यांवरच्या ठेंगण्या पुलांवरून पाणी वाहू लागले, की आसपासचे एखादे खेडे दिवस-दोन दिवसांचे बेट होते. हे मी लहानपणापासून पाहत आलो. त्या दोन दिवसांत एखादी बाई बाळंतपणात अडली तर काय, हा प्रश्न मात्र मला फार उशिरा पडला.

उत्तरासाठी बारमाही बेटांकडे पाहावे लागते. सरदार सरोवराच्या फुगवट्यात महाराष्ट्रातील ३३ गावे आली. २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरला. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत पाडे डोंगरावर राहिले, खालच्या वाटा बुडाल्या. तिथे आरोग्य खात्याला तरंगता दवाखाना आणि बोट अँब्युलन्स चालवावी लागली.

राज्यात १०८ क्रमांकाची सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. ९३७ गाड्या, त्यांतल्या २३३ प्रगत उपचारांच्या, आणि गाडीत डॉक्टर. पण चाकांची धाव रस्ता संपेपर्यंतच. पाड्यावरचा रुग्ण आधी बांबूच्या झोळीतून, लोकांच्या भाषेत ‘बांबूलन्स’मधून, काठावर येतो, मग बोट, मग गाडी. प्रत्येक टप्प्यावर वाट पाहणे आले. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबला नाही, तर दोन तासांतही जीव जाऊ शकतो.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अभ्यासकांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंमागचे तीन उशीर सांगितले: दवाखान्यात जायचे ठरवण्यातला, तिथे पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. रुग्णवाहिका यांपैकी मधल्या उशिरावरचा इलाज आहे. बेटावर तोही अपुरा पडतो, म्हणून तिथली खरी सेवा कळा सुरू होण्याआधीच सुरू व्हावी लागते.

चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे २०२० मध्ये स्वतः होडी वल्हवत गरोदर बाया आणि बालकांपर्यंत जात होत्या, ती हीच सेवा. आदिवासी भागातली ‘माहेरघर’ योजनाही याच विचाराची: प्रसूतीच्या तारखेआधी काही दिवस बाईने आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचे. पाणी ओलांडायचेच असेल, तर ते घाई नसताना ओलांडावे.

आमच्याकडचे बेट दोन दिवसांचे, म्हणून ते कुणाच्या हिशेबात येत नाही. पण कोणत्या नाल्याला पूर येतो, हे गावाला ठाऊक असते. कुणाचे दिवस कधी भरतात, हे आशाताईंच्या वहीत असते. मृग लागण्यापूर्वी या दोन गोष्टी एकत्र वाचल्या आणि त्या बाईची पुलाअलीकडे राहण्याची सोय केली, तर पुराच्या रात्री रुग्णवाहिकेला पाण्याकाठी थांबून राहावे लागणार नाही.